उद्यान नावाची रिकामी जमीन

चेन्नईला बदली होऊन आलो त्या पहिल्याच महिन्यात पत्नीने एक साधा प्रश्न विचारला, "इथला लालबाग कुठे आहे?" प्रश्नाला पार्श्वभूमी होती. केंद्र सरकारच्या नोकरीत आमचे बिऱ्हाड गावोगाव फिरले. कोलकात्याला असताना हुगळीपलीकडच्या शिबपूरच्या उद्यानातील वटवृक्षाभोवती आमचे कित्येक रविवार गेले, आणि बंगळुरूला तर लालबागेची सकाळची फेरी हा दिनक्रमच होता. नव्या शहरात गेले की आधी भाजीबाजार शोधायचा, मग वाचनालय आणि मग वनस्पती उद्यान, असा आमच्या घरचा क्रम ठरलेला आहे.

मी अधिकाऱ्याला शोभेल अशा आत्मविश्वासाने म्हणालो, "असेलच की!" कोलकात्याचे उद्यान ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ मध्ये काढले. मुंबईची राणीची बाग १८६२ ची. मग मद्रास इलाख्याच्या राजधानीत असे उद्यान नसेल हे कसे शक्य आहे? दुसऱ्या दिवशी कार्यालयातील एका ज्येष्ठ तमिळ सहकाऱ्यांना विचारले. ते गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "सर, सेंट्रल स्टेशनच्या बाहेर या आणि चहूकडे पाहा. तुम्ही उद्यानातच उभे असाल."

पुढच्या रविवारी मी खरोखरच तेथे जाऊन उभा राहिलो. समोर महापालिकेची शुभ्र रिपन बिल्डिंग. तिच्या शेजारी लाल विटांचा व्हिक्टोरिया पब्लिक हॉल. पलीकडे उपनगरी गाड्यांचे स्थानक, ज्याचे नाव आजही मूर मार्केट कॉम्प्लेक्स आहे. मागे जवाहरलाल नेहरू स्टेडियम. बसगाड्या, रिक्षा, मेट्रोचे जिने, फेरीवाले. झाडे म्हणावीत तर रस्त्याच्या कडेला उरलेली.

या सगळ्याच्या जागी १८५९ साली गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी 'पीपल्स पार्क' वसवला होता. क्षेत्र ११६ एकर. त्यात तळी होती, फिरण्याचे मैलोन्‌मैल रस्ते होते, बँडस्टँड होता, आणि पुढे प्राणिसंग्रहालयही तेथेच आले. नावच 'लोकांचे उद्यान'. किल्ल्यातील साहेबांसाठी नव्हे, तर दाटीवाटीने राहणाऱ्या नगरवासीयांना मोकळी हवा मिळावी म्हणून.

ट्रेव्हेलियन हे नाव आम्हा सरकारी नोकरांनी विसरू नये असे आहे. नोकरशाहीत भरती वशिल्याने न होता स्पर्धा परीक्षेने व्हावी, ही शिफारस करणारा १८५४ चा नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल त्यांच्याच सहीचा. म्हणजे ज्या परीक्षा देऊन आम्ही खुर्चीवर बसलो, त्यांच्या मूळपुरुषांपैकी हे एक. माणूस निर्दोष नव्हता. आयर्लंडच्या दुष्काळात ब्रिटिश कोषागाराची त्यांनी जी मूठ आवळली, तिच्याबद्दल इतिहासाने त्यांना क्षमा केलेली नाही. मद्रासेतही ते फार टिकले नाहीत. जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये आणलेल्या नव्या करांना असलेला आपला विरोध त्यांनी परस्पर प्रसिद्ध केला आणि त्यांना परत बोलावण्यात आले. आजच्या सेवा-आचरण नियमांखालीही त्यांचे काही वेगळे झाले नसते. पण जेमतेम वर्षभराच्या कारकिर्दीत या गृहस्थाने शहराला ११६ एकरांचे उद्यान दिले, आणि त्याने रूढ केलेल्या परीक्षापद्धतीतून आलेल्या आम्ही, त्याच्या वारसांनी, ते खाऊन टाकले. 'खाऊन टाकले' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे.

कोणी गुंड, भूमाफिया किंवा झोपडपट्टीदादा या जमिनीवर चालून आला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सार्वजनिक सभागृह हवे होते, म्हणून व्हिक्टोरिया हॉल आला. १९०० साली बाजार आला, त्याला महापालिकेच्या अध्यक्षाचे नाव मिळाले. १९१३ मध्ये महापालिकेची स्वतःची कचेरी आली. १९८५ मध्ये मूर मार्केट आगीत भस्मसात झाले, तेव्हा ती जागा काही उद्यानाला परत मिळाली नाही, ती रेल्वेकडे गेली. त्याच वर्षी प्राणिसंग्रहालय वंडलूरला हलवले गेले. १९९३ मध्ये आजचे भव्य स्टेडियम उभे राहिले. प्रत्येक गोष्ट सार्वजनिक हिताची आणि रीतसर मंजुरीची. आज 'माय लेडीज गार्डन' नावाचा एक तुकडा उरला आहे, तो पाहून घ्यावा.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही प्रक्रिया परिचित आहे. आल्फ्रेड कान या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये तिला 'छोट्या निर्णयांची जुलूमशाही' असे नाव दिले. त्याचे उदाहरण रेल्वेचे होते. प्रत्येक प्रवासी सोयीप्रमाणे आज मोटारीने, उद्या विमानाने जातो, आणि एके दिवशी गाडीच बंद होते. ती बंद करावी असे मात्र कोणीच ठरवलेले नसते. ११६ एकरांतून तीन एकर देताना तुलना होते ती तीन एकर गवताची आणि एका सभागृहाची. त्या तुलनेत सभागृह जिंकणारच. पण 'संपूर्ण उद्यान नाहीसे करावे काय?' असा प्रश्न कोणत्याही नस्तीवर कधी येत नाही. तो आला असता तर कोणत्या सचिवाने होकारार्थी टिप्पणी लिहिली असती?

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका शहरात मी वित्तीय सहमतीच्या कामावर होतो. कार्यालयाचे नाव लिहीत नाही. आमच्या आवारात पावणेदोन एकरांची एक जुनी रोपवाटिका होती. दोन माळी, एक विहीर, आणि कोणे एके काळी एका हौशी साहेबाने लावलेली पन्नास-साठ झाडे. कर्मचारी निवासस्थानांचा प्रस्ताव आला. निवासस्थानांची गरज खरी होती. प्रतीक्षायादीत सात-आठ वर्षे काढलेले लिपिक मला जिन्यात भेटून विचारत असत. मी टिप्पणी लिहिली, "सदर जमीन सद्यःस्थितीत रिकामी असल्याने प्रस्तावास वित्तीय सहमती देण्यास हरकत नसावी." रिकामी! मी ती जागा पाहिली होती. तेथील बकुळीखाली उभे राहून चहा घेतला होता. तरी लिहिताना मला दुसरा शब्द सुचला नाही, कारण आमच्या दप्तरात दुसरा शब्द नाही. बांधकाम असेल तर जमीन 'वापरातील', नसेल तर 'रिकामी'. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर जे पिकत नाही ते पोटखराबा. मद्रासच्या महसुली दप्तरात ज्यावर आकार नाही ते पोरंबोक. झाड हे या दोन्ही भाषांत जमिनीवरचा बोजा आहे. एखादे बांधकाम पाडायचे झाले तर मूल्यांकन, घसारा, निर्लेखन असा सोपस्कार असतो. साठ वर्षांची बकुळ पाडताना आम्ही जळाऊ लाकडाचा लिलाव केला आणि आलेली रक्कम किरकोळ जमेत भरली.

यावर माझे सहकारी म्हणतील, आणि म्हणतातही, की लोकांना घरे नकोत काय? कचेऱ्या, रुग्णालये, मैदाने नकोत काय? हवीत. पण हा युक्तिवाद नेहमी एकाच दिशेने का चालतो, हे मला कोणी सांगावे. कचेरीची इमारत जुनी झाली, आता ती पाडून उद्यान करू, अशी नस्ती माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही पाहिलेली नाही. जो व्यवहार केवळ एका बाजूनेच होतो आणि कधी उलटवता येत नाही, त्यात पर्यायी खर्चाचा नेहमीचा हिशेब अपुरा पडतो, हे एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आणि वटावाचा दर? दहा टक्क्यांनी वटवले तर शंभर वर्षांनंतरच्या वटवृक्षाची आजची किंमत शून्यवत येते. शिबपूरचा वटवृक्ष या सूत्राने कधीच जपला गेला नसता. तो जपणाऱ्यांना सुदैवाने हे सूत्र ठाऊक नव्हते.

ही खोड केवळ तमिळनाडूची नाही, हे महाराष्ट्रातील वाचकांनी समाधान मानण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. मुंबईत राणीच्या बागेपूर्वी शिवडीला वनस्पती उद्यानाची जागा होती. तेथे आता दफनभूमी आहे. राणीच्या बागेत प्राणिसंग्रहालयाचा शेकडो कोटींचा आराखडा आला, तेव्हा काही अभ्यासू नागरिकांनी, त्यातही महिलांनी, झाडांची मोजदाद करून, त्यांची शास्त्रीय नावे नोंदवून आणि वारसा समितीपुढे उभे राहून विरोध केला, आणि मूळ आराखडा बदलावा लागला. पुण्यात २०२० च्या सुमारास एम्प्रेस गार्डनच्या जमिनीवर निवासस्थाने बांधण्याचा प्रस्ताव गाजला. कोणाची निवासस्थाने, तर सरकारी नोकरांची. ती बातमी वाचताना मला माझी जुनी टिप्पणी आठवली आणि त्या दिवशी वर्तमानपत्र पत्नीच्या हाती लागू नये असे वाटले.

असो. मूळ प्रश्नाकडे वळतो. लालबागेसारखे काही चेन्नईत कधीच नव्हते काय? होते. कंपनीचे वैद्यकीय अधिकारी डॉ. जेम्स अँडरसन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस नुंगंबाक्कमला बाग केली आणि सैदापेटला 'नोपलरी' उभारली. नोपल म्हणजे आपला फड्या निवडुंग. त्यावर कोचिनियल नावाचा किडा पोसायचा, त्याच्यापासून किरमिजी रंग काढायचा आणि स्पेनची मक्तेदारी मोडायची, असा बेत होता. १७९५ मध्ये ब्राझीलहून किडा भारतात आला, पण तो भलत्याच जातीचा निघाला. रंग हलका. योजना फसली आणि उद्यान गुंडाळले गेले. कोणत्याही लेखापरीक्षकाने येथे 'निष्फळ खर्च' असा आक्षेप घेतला असता आणि तो योग्यच ठरला असता. परंतु त्याच फसलेल्या किड्याने पुढे दक्षिण भारतात माजलेला निवडुंग खाऊन साफ केला. कीटकाकरवी तणाचा बंदोबस्त करण्याचे जगातील पहिले यशस्वी उदाहरण म्हणून आज कृषिशास्त्रात त्याचा उल्लेख होतो. वनस्पती उद्यानाचा लाभ कोणत्या शीर्षाखाली जमा होईल हे स्थापनेच्या वेळी सांगता येत नाही, आणि आमच्या प्रकल्प अहवालाच्या नमुन्यात तर तो रकाना आधी भरावा लागतो.

दुसरा प्रयत्न १८३५ चा, मद्रास अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीचा. कॅथीड्रल रोडवरील तिच्या बागेशी रॉबर्ट वाइट या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव निगडित आहे. वाइट यांच्या ग्रंथांतील चित्रे रंगय्या आणि गोविंदू या दोन भारतीय चित्रकारांनी काढली. गोविंदूच्या सन्मानार्थ वाइट यांनी आमरांच्या एका प्रजातीला त्याचे नाव दिले. वनस्पती उद्यान म्हणजे काय, हे यावरून कळावे. हिरवळ, कारंजे आणि बाकडे असतील तर ती बाग झाली, आणि बागही हवीच. वनस्पती उद्यानात मात्र प्रत्येक झाडाला क्रमांक असतो, ते कोठून आले, कोणी आणले, केव्हा लावले याची नोंदवही असते, वाळवून जपलेल्या नमुन्यांचा संग्रह असतो, आणि ती वही पुढच्या माणसाच्या हाती सोपवणारा माणूस असतो.

या सोसायटीच्या बागेचे पुढे काय झाले? तिच्या जमिनीचा एक मोठा भाग भाडेपट्ट्याने गेला आणि तेथे १९६२ मध्ये वुडलँड्स ड्राइव्ह-इन उपाहारगृह सुरू झाले. चेन्नईच्या दोन पिढ्या तेथील डोसा आणि कॉफी यांच्या आठवणींनी अजून गहिवरतात. तेव्हा 'सरकारला जमत नाही तर संस्थांच्या हाती द्या' म्हणणाऱ्यांनीही जपून बोलावे. मालकीवरून शासन आणि संस्था यांच्यात वर्षानुवर्षे खटले चालले. २००८ मध्ये उपाहारगृह बंद झाले आणि २०१० मध्ये त्या जागी 'सेम्मोळी पूंगा', म्हणजे अभिजात भाषेच्या नावाचे उद्यान झाले. सुमारे ८ एकर, सुमारे ८ कोटी रुपये. रस्त्यापलीकडची जमीनही शासनाने ताब्यात घेतली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे कलैञर शताब्दी उद्यान उघडले. ६.०९ एकर, सुमारे ४६ कोटी.

आम्ही उभयता ही दोन्ही उद्याने पाहून आलो. नव्या उद्यानात पक्ष्यांचा मोठा पिंजरा आहे, काचघर आहे, आणि पाचशे मीटर लांबीची तारेवरची घसरण आहे, जिला सगळे झिपलाइन म्हणतात. उघडले तेव्हा प्रवेशशुल्क मोठ्या माणसास १०० रुपये होते, झिपलाइनचे २५० वेगळे. मुले किंचाळत डोक्यावरून जात होती आणि खूश होती. मुलांच्या आनंदावर टीका करण्याइतका मी रूक्ष नाही. पण हिशेबाची सवय जात नाही. चौदा वर्षांपूर्वी एकरी एक कोटी लागले, आता एकरी साडेसात कोटी. महागाई धरूनही ही वाढ झाडांमुळे झालेली नसणार. झाड हे उद्यानातील सर्वांत स्वस्त सामान आहे.

हे असे का होते याचे कारण राजकारणात शोधण्याची आपली सवय आहे. मला ते अर्थसंकल्पाच्या वर्गीकरणात दिसते. काँक्रीट, पोलाद, काच हा भांडवली खर्च. माळ्याचा पगार, वनस्पतिशास्त्रज्ञाचे पद, नोंदवही ठेवणारा सहायक हा महसुली खर्च. भांडवली खर्च म्हणजे विकास, त्याला उद्घाटन आणि कोनशिला. महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी, त्याला दरवर्षी काटछाटीचे परिपत्रक आणि पदभरतीवर बंदी. ही परिपत्रके मी स्वतः मसुद्यासह लिहिली आहेत. परिणाम असा की झिपलाइन मंजूर करणे सोपे आणि माळ्याचे एक पद मंजूर करणे महाकठीण. वास्तविक पोलादाला पहिल्या दिवसापासून गंज लागतो आणि झाडाचे मोल दरवर्षी वाढते. जो खर्च मत्ता वाढवतो त्याला आम्ही उपभोग म्हणतो, आणि जो घसरत जातो त्याला गुंतवणूक.

अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात गेलो तेव्हा हे फार जाणवले. १८८२ मध्ये घेतलेली जागा, पुढे वाढत अडीचशे एकरांवर गेलेली. तेथील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड १९८९ च्या वादळात उन्मळून पडले, पण पारंब्यांचे खांब झालेले असल्याने वड उभा आहे. डिसेंबर २०१६ च्या वरदा चक्रीवादळाने शहरातील हजारो झाडे लोळवली. तरीही नदीमुखापाशी एवढे रान राहिले आहे याचे श्रेय मी कोणत्याही तत्त्वज्ञानाला देणार नाही. तेथे दर तीन वर्षांनी नवा साहेब येऊन आपली छाप पाडू पाहत नाही, एवढेच कारण मला पुरेसे वाटते.

हे सारे आता लिहिण्याचे प्रयोजन आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू शासनाने गिंडी येथील रेसकोर्सची सुमारे १६० एकर जमीन भाड्याच्या थकबाकीवरून परत घेतली आणि त्यातील ११८ एकर उद्यानविद्या विभागाला हरित उद्यानासाठी देण्याचे ठरवले. वाद न्यायालयात गेला, त्यावर मी भाष्य करणार नाही. पण आकडा पाहा. ट्रेव्हेलियनचे उद्यान ११६ एकरांचे होते. दीडशेहून अधिक वर्षांनी शहराला जवळजवळ तेवढीच जमीन पुन्हा दिसते आहे, आणि तीही शहराच्या मध्यात. चेंगलपट्टू जिल्ह्यात कडंबूर येथे लंडनच्या क्यू उद्यानाच्या सहकार्याने वनस्पती उद्यान करण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली होती. ते व्हावेच. पण शिबपूर आणि लालबाग शहरातील माणसाला बसने गाठता येतात, ही त्यांची अर्धी महती आहे.

कॅथीड्रल रोडच्या दराने गेल्यास गिंडीच्या ११८ एकरांना सुमारे ८९० कोटी लागतील. माझ्या टेबलावर ती नस्ती आली, अर्थात ती येणार नाही, तर मी वास्तुविशारदाची नियुक्ती थांबवून आधी संचालक आणि दोन वनस्पतिशास्त्रज्ञ नेमायला सांगेन. पहिली पाच वर्षे रोपवाटिका, विहिरी, तळी आणि नोंदवही याखेरीज काही नको. माळ्यांची पदे कायम आस्थापनेवर, आणि त्यांच्या वेतनाकरिता एक निधी वेगळा काढून ठेवलेला. शिवाय जमिनीची सीमा कायद्याच्या अनुसूचीत हवी. उद्याने आणि मोकळ्या जागांच्या जतनाचा कायदा तमिळनाडूत १९५९ पासून आहे. कर्नाटकाने १९७५ मध्ये कायदा करून लालबाग आणि कब्बन पार्क यांना संरक्षण दिले. तरीही २०२५ मध्ये भुयारी रस्त्यासाठी लालबागेची जमीन घेण्याचा विषय निघालाच. फरक एवढा की बंगळुरूत त्यावर उघड गदारोळ झाला, सत्ताधाऱ्यांना खुलासे करावे लागले. एक इंच जमीन द्यायची तरी विधानमंडळात मतदान व्हावे, सचिवाच्या सहीने ती जाऊ नये, इतकी तरतूद मला पुरेशी आहे. सचिवाची सही किती सहज होते हे मी जाणतो.

माझ्या त्या पावणेदोन एकरांवर आता तीन मजली निवासस्थाने आहेत. लिपिकांना घरे मिळाली, ती चांगली आहेत. काम सुरू होण्याआधी तेथील थोरल्या माळ्याने मला एक कुंडी आणून दिली होती. "साहेब, हे झाड या आवारात एकच हाय, दुसरं नाय," एवढे म्हणून तो गेला. ते रोप आमच्याबरोबर चार गावे फिरले आणि आता चेन्नईच्या सज्जात आहे. मार्चमध्ये त्याला बारीक पांढरी फुले येतात. इकडच्या महाविद्यालयातील एका प्राध्यापकांना दाखवले, तर त्यांनी विचारले, "हे मूळचे कुठले?" माळ्याने नाव सांगितले होते. मी लिहून ठेवले नाही.